डाळिंबाची खरड छाटणी

साहेबीणबाईंनी त्यांचं डाळिंब माझ्या हवाली केलं तेव्हा त्याची उंची वीतभर होती आणि माझी लायकी त्याहून कमी. तोंडानं त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण चेहरा बोलत होता. चपटा मातीचा ट्रे, त्यात तीन वर्षांचं झाड, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळलेली. "बोन्साय म्हणतात याला. जपानी कला आहे. फक्त पाणी घाला, बाकी हात लावू नका," असं बजावून त्या दीड महिन्यासाठी मुलीकडे बडोद्याला गेल्या.

हे साताऱ्यातलं, सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचं. आमचे हे त्यांच्या साहेबांच्या हाताखाली कारकून. पण माझा जीव अडकला होता साहेबीणबाईंच्या बालवाडीत. लग्नाआधी मी शिकवण्याचं शिक्षण घेतलं होतं, सर्टिफिकेट ट्रंकेत पडून होतं. जूनपासून त्या एक बाई नेमणार होत्या आणि ती जागा मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. डाळिंब काय, त्यांनी मगर सांभाळायला दिली असती तरी मी हो म्हटलं असतं.

थंडीचे दिवस. आठवड्यात झाडाची सगळी पानं गळाली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नेमके तेव्हाच मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोन दिवसांसाठी आले. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग. छाटणीत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पानाची चंची आणि छाटणीची कात्री घेतल्याशिवाय ते घर सोडत नसत. ट्रेला हात लावू नका, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. "व्हय, व्हय," म्हणाले.

मी दळण घेऊन परत आले तर झाड निम्मं झालं होतं. तार सोडवून नीट गुंडाळून ठेवलेली. सांगलीहून बागेसाठी घेतलेला मोरचूद पिशवीत होताच. त्यात चंचीतला चुना कालवून मामंजी कापलेल्या फांद्यांच्या टोकांना निळा लेप लावत बसले होते.

"अहो मामंजी, हे काय केलंत!"

"खरड छाटणी. पानं गळल्यात, फुटव्याचं डोळं फुगल्यात, आता न्हाई तर कवा? दोन-दोन डोळं राखलं, बाकी समदं उडवलं. लय गचपण झालतं. आन तार कुनी आवळली गं? साल चिरत चालली हुती."

"द्राक्षाचा वेल नाही तो! साहेबीणबाईंचं डाळिंब आहे!"

"ते झाडाला कुठं ठावं हाय?"

मी मटकन खाली बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. माझी नोकरी गेली, असं कायबाय बोलले. नोकरीचं त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी कात्री मिटली.

दोन दिवसांचा मुक्काम महिन्याचा झाला. बाग थोरल्या दिरावर टाकली. सकाळ झाली की ट्रेपुढं उकिडवे बसायचे, आतल्या बाजूचे कोंब नखानं खुडायचे, बाहेर जाणारे राखायचे, कापल्या जागी पुन्हा निळा लेप लावायचे. चहा गार व्हायचा. मी मनातून त्यांच्यावर जळत होते. पण लालसर पालवी फुटली आणि मला पहिल्यांदा दिसलं की नुसत्या काटकीचं झाड झालंय. डेरेदार, चहूकडं पसरलेलं.

साहेबीणबाई आल्या. चष्मा लावला, ट्रे फिरवून फिरवून पाहिला.

"हे तुम्ही केलंत?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "अहो, प्रदर्शनात मांडण्यासारखं झालंय! झाडाला असं वळण लावणाऱ्या बाईला पोरं काय जड जाणार? जूनपासून या." मग दारातल्या मामंजींकडे नजर गेली. गुडघ्यापर्यंत धोतर, बोटं निळी. "माळी ठेवलात वाटतं?"

आता सांगते, आता सांगते, असं मनात चाललं होतं.

"व्हय, बाईसाब," मामंजी म्हणाले. "पानी घालतो."

"नुसतं पाणी नका घालू, यांच्याकडून शिकून घ्या. डोळ्याच्या वर तिरकं कापायचं असतं." त्यांनी बोटांनी करूनही दाखवलं. मामंजी मान हलवत होते.

दुपारच्या एसटीनं ते निघाले. मी पाया पडले, वर बघायची हिंमत झाली नाही. "जागा मिळाली न्हवं पोरी? मग झालं," म्हणाले.

बावीस वर्षं मी त्या बालवाडीत शिकवलं. साहेबीणबाई रोज भेटत, पण तो माळी कोण होता हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. 'नेहमी खरं बोलावं' हे मात्र रोज पोरांकडून तीनदा म्हणवून घेत असे.