चित्रातलं फाटक

पुण्याजवळच्या मांजरी गावचं रेल्वे फाटक पडलं, घंटा वाजू लागली आणि स्कूटरवर बसल्या बसल्या मी जपानमधल्या त्या समुद्राकाठच्या फाटकाशी जाऊन पोचले.

हिंजवडीच्या कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं. कोथरूडला जपानी शिकवणारी माझी ताई सुट्टीत आली, ती एकच हट्ट घेऊन. तिच्या लाडक्या अॅनिमेतलं, म्हणजे जपानी कार्टूनमालिकेतलं, एक फाटक खरंच तिथे होतं. चित्रात फाटकापलीकडे समुद्र, माणूस एकही नाही. अशा जागी जाऊन चित्राशी तंतोतंत जुळणारा फोटो काढायचा, ही या अॅनिमेवेड्यांची रीतच.

छापून आणलेलं चित्र हातात धरून ताई मागेपुढे सरकत होती. वाऱ्याला सुक्या मासळीचा वास होता. मी हौसेने फाटकापाशी उभी राहिले.

"बाजूला हो," ताई म्हणाली. "तुझे फोटो कोथरूडला पुष्कळ आहेत."

"मग तुझा काढते."

"चित्रात मी आहे का?"

गाडी गेल्यावर तिने फोटो काढला आणि चुकचुकली. ऊन पाठीमागून होतं. फोटोत खाली तिची सावली आली होती. "सगळं बिघडलं," म्हणाली.

ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो फोटो मी भिंतीवर लावलाय. येणारे विचारतात, "यात कोणीच कसं नाही?" मी फक्त त्या सावलीकडे बघत राहते.

"बाजूला हो," मांजरीच्या फाटकाशी मागून कोणीतरी म्हणालं.

फाटक उघडलं होतं. ऊन पाठीमागून होतं. रस्त्यावर माझ्या सावलीशेजारी आणखी एक सावली पडली होती. मी बाजूला झाले. वळून बघायचा धीर झाला नाही.