अंगात आलेली दांडी

आमच्या घरी टीव्ही होता, पण सोलापुरात टीव्ही दिसत नव्हता.

अप्पांनी (आमचे वडील, चादरी-टॉवेलांचे व्यापारी) तो पुण्याहून आणला होता. "आज न्हाई तर उद्या हितं बी चालू होतंय की!" असं त्यांचं म्हणणं. सत्तरचं दशक संपत आलं तरी तो उद्या काही उजाडला नव्हता. लावला की पडद्यावर नुसत्या मुंग्या! पाहुणे आले की अप्पा टीव्हीवरची चादर काढायचे, मुंग्या दाखवायचे आणि परत चादर घालायचे. पाहुणेही "वा, लई झ्याक!" म्हणून चहा पिऊन जायचे.

मग अक्काचं लग्न झालं आणि टीव्हीचं नशीब उघडलं. दाजी अक्कलकोटचे, बोटीवर इंजिनिअर. त्यांनी परदेशातून टीव्हीला जोडायचा एक खेळ पाठवला. काळ्या पडद्यावर दोन बाजूंना दोन पांढऱ्या दांड्या आणि मधे एक चेंडू. वायरने जोडलेल्या दोन डब्या. डबीवरची चकती फिरवली की आपली दांडी वरखाली होणार, आणि तिने चेंडू अडवायचा. बस्स, एवढंच! पण मुंग्या बघून बघून आमचे डोळे इतके उपाशी होते की अख्खी गल्ली आमच्या ओसरीवर मुक्कामाला आली. महिन्याभरात मी गल्लीचा चॅम्पियन झालो. (माझ्याशी खेळायला समोर बहुधा आमची अव्वाच, म्हणजे आईच असायची, आणि तिचं अर्धं लक्ष आमटीकडे असायचं, ही गोष्ट वेगळी.)

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं जे जे फिरतं, कापतं किंवा वाजतं, त्याची पूजा होते. तराजू, शिलाई मशीन, अडकित्ता, स्कूटर, सगळे ओळीने मांडलेले. अव्वा म्हणाली, "जावयानं दिलेलं यंत्र तेवढं उपाशी ठेवायचं व्हय?" झालं! एका डबीला विभूतीचे पट्टे ओढले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोचलं, आणि नारळ फोडून त्याचं पहिलं पाणी मोठ्या मानाने तिच्यावरच घातलं. मी हात जोडून उभा होतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो!

दसऱ्याला खेळ लावला, तर त्या डबीची दांडी अंगात आल्यासारखी घुमायला लागली. वर-खाली, वर-खाली, थांबायचं नाव नाही! चकती फिरवा, दाबा, हात जोडा, ती आपली घुमतेच आहे.

"आता गं बया!" अव्वाने कपाळाला हात लावला. "दिवाळसणाला जावई येणार. आल्या आल्या खेळायला बसणार!"

अप्पांचा चेहरा उतरला. "दिलेली वस्तू चार दिवसांत मोडली म्हणून अक्कलकोटात बोभाटा हुईल. पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतील." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू शास्त्र शिकतोस नव्हं? कर की दुरुस्त!"

मी शास्त्र शिकत होतो म्हणून आधी माडीच्या पत्र्यावर चढलो आणि अँटेना फिरवला. वरून ओरडत होतो, "थांबली का?" खालून अव्वा, "न्हाई रे!" घामाघूम होऊन खाली उतरल्यावर आठवलं, की अँटेनाची वायर काढूनच तिथे खेळ जोडला होता!

मग अव्वाने शिलाई मशीनचं तेल सुचवलं. घातलं. दांडी दुप्पट वेगाने घुमायला लागली. मग अप्पा म्हणाले, "ओल धरली आसंल, उन्हात टाक." सोलापुरात उन्हाला कशाची कमी! डबी उघडून गच्चीवर मिरच्यांच्या शेजारी वाळत घातली. संध्याकाळी जाऊन बघतो तर नारळाच्या गोड पाण्याला मुंग्या लागलेल्या. इतके दिवस पडद्यावर होत्या, आता डबीत! त्यांना झटकताना एक स्क्रू उडाला तो कुठे गेला कळेना. दोन दिवसांनी शेंगाचटणी खाताना अप्पांच्या दाताखाली कडकन वाजलं, तेव्हा कळलं.

"सापडला की!" मी आनंदाने ओरडलो. अप्पांना एवढा आनंद झालेला दिसला नाही.

स्क्रू बसवला. दांडी घुमतच राहिली. आणि दाजी आले!

आंघोळ, ओवाळणं, फराळ होताच दाजी टीव्हीसमोर मांडी घालून बसले. "या मेव्हणे, बघू तुमची चॅम्पियनगिरी!" अप्पांनी मला आत ओढलं. "चांगली डबी त्यांना दे. आणि हे बघ, गुमान हरायचं. घरात आलेल्या जावयाला हरवायचं नसतंय."

म्हटलं, मोडकी डबी घेऊन हरायला काय लागतंय? पण चेंडू आला की घुमणारी दांडी तिथे हजरच! वर मारा, हजर. खाली मारा, हजर! मी नुसता शोभेला चकती फिरवत होतो. दाजींना एक गुण मिळेना. अव्वा त्यांच्या ताटलीत लाडूवर लाडू वाढत सुटली, अप्पा मागून मला चिमटे काढत होते, आणि अक्का माझ्याकडे असं बघत होती की भाऊबीज आता विसरावीच.

दाजींचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "डब्या बदलू या."

अप्पा म्हणाले, "जावईबापू, आधी जेवण करून घ्या की." अव्वा म्हणाली, "झोपा जरा, दमलाय." पण दाजींनी डबी घेतलीसुद्धा. आता चोरी पकडली जाणार म्हणून अप्पांनी डोळेच मिटून घेतले.

माझ्या हातात मात्र आता चांगली डबी होती. खरं सांगतो, मला सुरसुरी आली. चिमटे गेले खड्ड्यात! एकदा तरी स्वतःच्या हाताने जिंकून दाखवतोच म्हणून मी जीव तोडून खेळलो. मनगट दुखलं, जीभ बाहेर आली, आणि एकही गुण न मिळवता सपशेल हरलो. जिला कुणीच चालवत नव्हतं, तिच्याकडून!

"बघितलंत?" दाजी खुलले. "सगळं मनगटात असतंय!" बोटीची इंजिनं सांभाळणाऱ्या त्या माणसाला एवढीसुद्धा शंका आली नाही. अक्का हसली. अव्वाने देवापुढे साखर ठेवली. एवढी गोड दिवाळी आमच्या घरात पुन्हा झाली नाही.

रात्री जेवताना अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे आयुष्यभर ते नातेवाइकांना ती गोष्ट सांगायचे. "पोरगं अभ्यासात यथातथाच, पण नाटक करावं तर त्यानंच! जावयापुढं असं हरलं, असं हरलं, की खरंच खेळायला येत न्हाई असं वाटावं!"

अप्पांनी केलेलं माझं ते एकमेव कौतुक. ते खोडून काढायची हिंमत मला आजवर झालेली नाही.