फेंगच्या लायब्ररीचं शून्य

च्यायी शहरातल्या पंपाच्या कारखान्यात झान यिफेंग दिवसभर सुट्या भागांच्या याद्या सांभाळायचा. पण कुणी विचारलंच, तर स्वतःला लायब्ररीवाला म्हणवून घ्यायचा. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. चिनी अक्षरांशेजारी उच्चाराच्या बारक्या खुणा बसवणारा, कुणीही फुकट घ्यावा असा कोड. मुलांची वाचनपुस्तकं तयार करणारे अकरा प्रोग्राम त्या एकाच लायब्ररीवर चालायचे.

अकरा वर्षं झाली, तरी तिच्या आवृत्तीचा पहिला आकडा शून्यच. शून्य म्हणजे प्रयोग चालू आहे, उद्या काहीही बदलेल. एक लिहिला की शब्द दिल्यासारखं. आणि त्याआधी यिफेंगला आतली मांडणी फक्त एकदा नीट करायची होती. साखरपुड्यालाही त्याने असाच वेळ लावला होता, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मार्चमध्ये ती मांडणी एकदाची मनासारखी झाली. त्याने नवी आवृत्ती सोडली. पण फाइलच्या नावाच्या शेपटीलाही एक आकडा असतो. तो वाढवला, की जुने प्रोग्राम ‘ही आपली नव्हे’ म्हणून दारातच थांबतात. यिफेंगने तो वाढवला नाही. पुढचं शून्य सगळ्यांना दिसतंच आहे, हा त्याचा हिशेब. झालं, प्रोग्रामांनी निमूटपणे नवी लायब्ररी उघडली, आणि पहिलीच्या एका पुस्तकात चंद्राशेजारी बदकाचा उच्चार छापून आला.

त्याची लायब्ररी लिनक्स या फुकट संगणक-प्रणालीच्या एका मोठ्या संचात घालायचं काम पान रुयिन ही ताइचुंग शहरातली मुलगी हौसेने करायची. शनिवारी टर्कीभाताच्या दुकानात अशा हौशी प्रोग्रामवाल्यांची महिन्याची बैठक असते, तिथे तिने त्याला गाठलं.

“फेंगदादा, शेपटीचा आकडा का नाही वाढवलास?”

“अगं, पुढे शून्य आहे ना? लोकांना वाचता येत नाही का?”

“लोकांना येतं. मशीन बिचारं शेपटीच बघतं, आणि नेमकी तीच तू खोटी ठेवलीस.”

संचाची नवी आवृत्ती दहा दिवसांनी पक्की होणार होती, मग तिच्यात बदल करता येणार नव्हता. तोवर आकडा वाढवायचा, आणि अकराही जणांनी आपापला प्रोग्राम नव्या मांडणीप्रमाणे दुरुस्त करायचा. नाहीतर लायब्ररी बाहेर. बाहेर गेलेल्याला कुणी शोधत येत नाही. किंवा सरळ जुनी मांडणी परत आण, असंही तिने सुचवून पाहिलं. ते यिफेंगला मानवेना. अकरा वर्षांनी ती बरोबर आली होती.

भात अर्धा टाकून त्याने तिथेच आकडा वाढवला आणि अकरा जणांना माफीची पत्रं पाठवली. उत्तरं दोन आली. एकाने प्रोग्राम सोडून अननसाची शेती धरली होती. दुसऱ्याने लिहिलं होतं, “मला लागणारा भाग मी मागच्या वर्षीच उचलून माझ्याकडे ठेवलाय. राग मानू नकोस, पण तू उद्या काय बदलशील या धास्तीत किती दिवस काढायचे?” त्या शेतकऱ्याचा आणि बाकीचे नऊ प्रोग्राम दुरुस्तीविना एकेक करून संचातून गळले.

दहाव्या दिवशी दुपारी रुयिनचा फोन आला. लायब्ररी संचातून काढून टाकण्याचा अर्ज तिलाच भरायचा होता.

“कारण काय लिहू, दादा?”

“आकडा चुकला, लिही.”

“तो तू दुरुस्त केलास. आता एवढंच लिहिता येतं, की हिला वापरणारं कुणी उरलं नाही.”

यिफेंग म्हणाला, “म्हणजे आता काहीही बदललं तरी कुणाचं बिघडणार नाही.”

“नाही बिघडणार. बदल हवं ते.”

फोन ठेवून त्याने फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली. मांडणी चोख होती. बदलावं असं काहीच सापडेना.