त्यांच्या चॅनलवर मी दोनदा गेले

"हात दाखवा बघू जरा. कॅमेऱ्याला दाखवा. असे."

चॅनलचा निवेदक म्हणाला आणि मी हात दाखवले.

मालवणात बंदराजवळ मंडप घातला होता. जिल्हा परिषदेची निवडणूक. आमच्या गटातली जागा बायकांसाठी राखीव, म्हणून आम्हा दोघी उमेदवारांना समोरासमोर बसवलं होतं. एक मी. कसालजवळच्या बौद्धवाडीतली, काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी. दुसरी त्याच कारखान्याच्या मालकांची सून. सगळा गाव तिला वहिनी म्हणतो. मीही म्हणते.

चॅनल कोणाच्या बाजूचं, हे आम्हाला ठाऊक होतं. मी अर्ज भरला त्याच दिवशी त्यांनी बातमी चालवली होती, 'बिया फोडणारी जिल्हा चालवणार?' खाली माझा फोटो. तोंड अर्धं उघडं असलेला. तरी मी गेले. मला वाटलं, समोर बसून बोललं की लोकांना कळेल.

माईक लावायला एक मुलगी आली. वहिनींच्या पदराला तिने स्वतः हाताने माईक लावला, पदर नीट केला. माझ्याकडे आली तेव्हा वायर चिमटीत धरून लांबूनच म्हणाली, "तुम्हीच लावून घ्या." मला लावता येईना. मी माईक ब्लाउजच्या आत खोचला. तो घासून खरखरला. निवेदक हसून म्हणाला, "बाईंचं काळीज फारच धडधडतंय." लोक हसले.

मग हातांचं निघालं. काजूच्या टरफलात तेल असतं. ते कातडी जाळतं. बोटं काळी पडतात, सालं निघतात. धुऊन जात नाही. वहिनींना त्याने विचारलं, पर्यटनाबद्दल तुमचं व्हिजन काय. मला म्हणाला, हात दाखवा.

मी दोन्ही हात पुढे केले.

"उलटे करा."

मी उलटे केले. शाळेत नखं तपासताना करतात तसे.

तो कॅमेऱ्याकडे वळला. "प्रेक्षकहो, जिल्ह्याची तिजोरी या हातांत द्यायची का? तुम्हीच ठरवा."

मंडप हसला. वहिनी तोंडावर रुमाल धरून हसल्या. आणि मी? मीही हसले. काय करावं ते सुचलं नाही म्हणून हसले. सगळे हसतात तिथे आपण हसलो नाही तर राग आल्यासारखं दिसेल, असं काहीतरी डोक्यात होतं. तेच हसू त्यांनी नंतर पुन्हा पुन्हा दाखवलं.

तो तुकडा मोबाइलवर फिरला. त्याला मागे ढोलकी लावलेली. एसटीत एक माणूस बायकोला कोपराने ढोसून म्हणाला, "ही बघ, हातवाली." मी खिडकीकडे तोंड केलं. हात पिशवीखाली घातले. कारखान्यात बायकांनी आपापले हात बघितले आणि कामाला लागल्या. ते मला एसटीतल्या माणसापेक्षा जास्त लागलं. मी माझ्या एकटीचेच हात दाखवले नव्हते.

माझी मुलगी बारावीला. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग भाकरी थापताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आये, तू हात कित्याक दाखयलंस?"

मी म्हटलं, "तेनी सांगल्यान."

"तेनी सांगल्यान म्हणून?"

भाकरी तव्यावर करपली. उत्तर होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. जन्मभर मी सांगितलं तसंच केलं होतं. मुकादम म्हणाला उभी राहा, की उभी. मालकीण म्हणाली मागच्या दाराने ये, की मागच्या दाराने. चांगले कपडे घातलेल्या माणसाने सांगितलं की माझं अंग आपोआप हलतं. डोकं नंतर येतं. हीच लाज होती. निवेदक हसला याची नाही.

मतदान जवळ आलं आणि चॅनलचा पुन्हा फोन आला. शेवटची चर्चा ओरोसला, एका सभागृहात.

वाडीतल्या समाजमंदिरात आमची बैठक बसली. आमचा प्रचार बघणारे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, ठाम म्हणाले, "जायचं नाही. ते चॅनल आपलं नाही. आपण गेलो की त्यांचा खेळ होतो. आपल्याशिवाय त्यांचा खेळ होणार नाही. बहिष्कार घाला आणि तसं जाहीर करा."

माझी चुलत सासू कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "आणि ही गेली नाय तर? रिकामी खुर्ची दाखवतले. भियाली म्हणतले."

"म्हणू दे," मास्तर म्हणाले. "रिकाम्या खुर्चीचे हात कोणी बघणार नाही."

मास्तर बोलून गेले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. चष्मा पुसत बसले.

मास्तर चुकीचं बोलत नव्हते. मला त्यांचं पटतही होतं. पण फार पटत होतं. त्यांनी 'बहिष्कार' म्हटलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि ते उतरलं तसं मला कळलं, की हा मोठा शब्द पुढे करून मी घरात लपणार आहे. ज्याला जायची भीती नाही त्याने बहिष्कार घालावा. मला तर भीती होती.

मी म्हटलं, "मास्तरांनू, मी जातलंय."

"कशाला? पुन्हा हसू करून घ्यायला?"

"हसान्देत. पण ह्यावेळी मी हसूचंय नाय."

ओरोसला गेले. लेक बरोबर आली. माईकवाली मुलगी तीच होती. तिने पुन्हा वायर चिमटीत पुढे केली. मी हात मांडीवरच ठेवले. म्हटलं, "तुझा काम आसा मां ता? तूच लाव." ती इकडेतिकडे बघत राहिली. मग वाकली आणि लावला. तिची बोटं थंडगार होती.

निवेदक आला. दिवे लागले. त्याने सुरुवातच केली, "काय, आज हात धुऊन आलात का?"

सभागृहात खसखस पिकली. माझ्या तोंडावर तेच हसू यायला लागलं. आपोआप. मी ते दातांत धरलं.

"ह्या प्रश्नाचा उत्तर मी दिवचंय नाय."

"शुद्ध मराठीत बोला. पूर्ण महाराष्ट्र बघतोय."

"बघान्दे. हीच माझी मराठी."

त्याने कागद चाळले. मी वहिनींकडे वळले. वर्षानुवर्षं मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलले नव्हते. मी विचारलं, "वहिनीनू, तुमच्या कारखान्यात आमका हातमोजे कित्याक नायत?"

वहिनींनी निवेदकाकडे बघितलं. निवेदकाने कानातल्या यंत्राला हात लावला. "एक छोटासा ब्रेक घेऊया."

दिवे विझले. एक माणूस येऊन म्हणाला, "बाई, तुमची वेळ संपली. उठा." मी उठले नाही. तो चांगल्या कपड्यांत होता. माझे गुडघे उठायला निघालेच होते. मी खुर्चीचे दांडे धरून ठेवले. ब्रेक संपला. कॅमेरे वहिनींकडे वळवले. माझा माईक बंद. मी शेवटपर्यंत तिथे बसून होते, टीव्हीवर नसलेली.

माझा प्रश्न कोणी दाखवला नाही. निवडणूक मी हरले, सपाटून हरले. कारखान्यात गेले तर मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. हातमोजे आजही आलेले नाहीत. जुना तुकडा अजून फिरतो. परवा तो बाजारात कोणीतरी लावला, आणि मान खाली घालून मी तिथून निघाले. लाज गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही.

मास्तर अजून म्हणतात, दुसऱ्यांदा जाऊन मिळालं काय? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ज्याला जायचं नाही त्याने जाऊ नये. पण पुढची निवडणूक मी लढणार आहे. ते चॅनल बोलावील तर जाणार. नाही बोलावलं तर त्यांच्या मंडपाच्या दारात उभी राहून तोच प्रश्न विचारणार. माईक बंद केला तर ओरडून विचारणार. कशाला उत्तर द्यायचं आणि कशाला नाही, ते आता मी ठरवणार. आणि सांगितलं म्हणून उठणार नाही.