आबांची डावी चप्पल

मंडळी, आज दिवसभर हात काळेकुट्ट होते, पण मन एकदम खूश आहे.

सकाळी कांद्याची ट्रॉली घेऊन लासूर स्टेशनच्या बाजाराला निघालो, तर आमचा म्हातारा ट्रॅक्टर रानातल्या चढावरच अडला. इंजिन नुसतं बोंबलतंय, चाक काही पुढं सरकत नाही, वरून जळका वास. ट्रॅक्टर चालवणारे सासरे, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "ट्रॉली लई भरली तुम्ही."

मी सीटवर बसून वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच हळूच सोडला. अशा वेळी इंजिन बंद पडायला हवं. ते मजेत चालूच! म्हणजे क्लच प्लेट झिजलेली.

रफिकभाई मिस्त्री आले. त्यांनी ट्रॅक्टर मधोमध उघडून प्लेट काढली. पार गुळगुळीत झाली होती. म्हणाले, "आबा, क्लचवर पाय ठिवूनच चालवता का? त्यानंच झिजते ही."

"नाय बा. कधीच नाय."

आबांच्या चपला लिंबाखाली काढलेल्या होत्या. रफिकभाईंनी त्या उलट्या केल्या. उजवी धड होती. डावीच्या तळाला क्लचच्या पेडलचे दाते जसेच्या तसे उमटलेले! पेडलचं रबर कधीच गेलंय ना.

सगळ्यात आधी आबाच हसले.

दुपारी नवी प्लेट बसली. आबा सीटवर चढले आणि डावी चप्पल काढून माझ्या हातात दिली. "धर पोरी. लोखंड टोचलं की पाय आपोआप उचलतो."

ट्रॉली एका दमात चढ चढली. मी बांधावर एक चप्पल घेऊन उभी!

खरं सांगा, तुमच्या घरात कुणाची डावी चप्पल उलटी करून बघायला पाहिजे?