गुडघ्यात न वाकणारा झगा

टाकेबाईंचं खरं नाव नाटक कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि बावीस वर्षांत त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. रंगमंचामागच्या खोलीत त्या सगळ्यांचे कपडे शिवायच्या. राजा मेला की त्याच्या सदऱ्यावरचं रक्त धुवायच्या, कारण दुसऱ्या दिवशी तोच राजा त्याच सदऱ्यात पुन्हा मरायचा.

कंपनीचं गाजलेलं नाटक म्हणजे एका विधवा राणीची शोकांतिका. दीर गादी मागतो, राणी देत नाही. चिलखत चढवून लढते, हरते आणि दिरासमोर ताठ उभी राहून विष पिते. टाकेबाईही विधवा. राहायच्या थोरल्या दिरांकडे. न विचारता नोकरी धरली म्हणून त्यांना एकदा सगळ्या घरादेखत दिरांची माफी मागावी लागली होती. ते त्यांना अजून सलायचं. राणी विष प्यायला लागली की त्या हातातलं काम टाकून विंगेत येऊन उभ्या राहायच्या.

यंदा मालकांनी शेवट बदलला.

"हे बघून लोकांच्या घरात वाद होतात," ते म्हणाले. "राणी आधी गुडघे टेकून माफी मागेल, मग मरेल. मरण तेच, फक्त रीतसर." दिराचं काम मालक स्वतःच करायचे. या प्रवेशासाठी त्यांनी नवा झगा शिवायला सांगितला.

टाकेबाईंना संताप आला. पण त्यांनी टेप उचलली. मापं घेतली आणि झग्याच्या अस्तरात कमरेपासून घोट्यापर्यंत वेताच्या काड्या उभ्या शिवून टाकल्या.

राणीचं काम करणाऱ्या नटीनं ऐन प्रयोगात तो चढवला. दोन पावलं टाकली. "बाई, यात वाकता येत नाही हो."

"उभं राहता येतंय ना?"

नटीनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ती रंगमंचावर गेली.

गुडघे टेकायची वेळ आली. नटीनं प्रयत्न केला, अगदी मनापासून. झग्यानं दाद दिली नाही. मालकांना पुढचं वाक्य पाठ होतं आणि आयत्या वेळी दुसरं सुचेना. ताठ उभ्या राणीला ते म्हणाले, "ऊठ. तुला क्षमा केली." प्रेक्षकांत हशा पिकला.

पडदा पडताच मालक तणतणत खोलीत आले. नटी मध्ये पडली. "माप चुकलं असेल. बाईंचं वय झालंय आता."

टाकेबाईंनी नुसती मान हलवली असती तरी नोकरी वाचली असती.

"माप बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम शिवलाय तसा."

"मग माफी मागा आणि काड्या काढा."

"काड्या कुणीही काढेल. माफी मी मागणार नाही."

नोकरी गेली. घरी दीर म्हणाले, "उद्या जाऊन पाय धर त्यांचे." दुसऱ्या दिवशी टाकेबाई निघालेल्या पाहून त्यांना बरं वाटलं.

टाकेबाईंनी तिकीट काढलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. बावीस वर्षांत समोरून नाटक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटचा प्रवेश आला. नटी उभीच राहिली. मालकांनी हळूच जमिनीकडे बोट दाखवलं. तिनं त्या बोटाकडे पाहिलं आणि ती उभ्यानंच विष प्यायली.

या वेळी कुणी हसलं नाही. टाकेबाई झग्याकडे बघत होत्या. नव्या शिंप्यानं काड्या काढल्या होत्या, घेरही भरपूर सोडला होता. त्यात सहज वाकता आलं असतं.