चाराची पाऊणपट

तंबूच्या खुंट्या उपटल्यावर वाळूत राहिलेल्या भोकांमध्ये समुद्राचं पाणी शिरत होतं, आणि मामा ते एकटक बघत उभे होते.

मामा आणि मामेबहीण जालन्याहून आले होते. गाडीत तंबू टाकून आम्ही देवगडच्या खाली किनाऱ्याकिनाऱ्यानं निघालो होतो. सकाळी एका निर्जन पुळणीवर मामांनी हौसेनं पाण्यापासून थोड्याच अंतरावर तंबू ठोकला. धरणाचं पाणी पाहिलेला माणूस. पाणी आहे तिथंच राहणार, असं धरूनच चाललेला. खडकांवरची कालवं काढून परतणारी एक बाई थांबली. "आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनाक भरती, पाणी हय येतला," असं म्हणून ती चालू लागली. मामांनी तंबू वर नेला.

तीनला पाणी आलं.

मामी गेल्यापासून मामांच्या घरी तिथी बघतात ती फक्त तिच्या श्राद्धासाठी. इथं त्याच तिथींवर बायका कालवं काढायला निघतात, होड्या पाण्यात लोटल्या जातात. गेलेलं माणूस कुठल्याच तिथीला परतत नाही, हे मलाही कळतं. पण तिथी काही फक्त गेलेल्यांची नसते, एवढं त्या ओल्या वाळूत उभं राहून वाटलं खरं.

परतताना मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. घाट लागल्यावर म्हणाले, "पुढच्या महिन्यात अष्टमीला येऊ. भरती सहाला आहे. चहा घेऊन बसता येईल."